जाहीर मूल्य

अर्जातली चौकट एवढंच विचारते:
वस्तूचं मूल्य.

बार्नबी ट्रेलोर पेन धरून बसला होता
पोर्ट केंब्लातल्या माझ्या टेबलासमोर,
अ‍ॅपिनच्या खाणीतला फिटर, रात्रपाळी तशीच अंगावर घेऊन आलेला,
नखांच्या कडेला कोळशाची रेघ,
एकतीस वर्षांत कुठल्याही साबणाला न जुमानलेली.
"दिले तेवढे लिहू," म्हणाला, "की आहे तेवढं?"

दिले तेवढे लिहा.
बाकीचं लावायला आम्ही आहोत.

मग लावत गेले.
नागोयापासूनचं जहाजाचं भाडं, विमा,
त्यावर जकात.
गाडी, भाडं, विमा, जकात, सगळं एकत्र करून
त्याच्यावर विक्रीकर,
म्हणजे करावरही कर, सायीवर साय.
आणि मग चैनीच्या गाडीवरचा कर.
या शब्दाशी तो थांबला.
चैन, म्हणाला,
आणि स्वतःच्या बुटांकडे बघून हसला.

कोंबडी चार आण्यांचीच होती.
मसाल्याची यादी दुसऱ्या पानावर गेली.

क्वारंटाइनच्या बाईंनी चाकांखाली आरसा सरकवला,
सीटखाली टॉर्च.
सापडलं गवताचं एक बी
आणि अर्धं खोडरबर, कडेला दातांच्या खुणा.
त्या एका बियापायी
अख्खी गाडी वाफेने धुवायची. बिल वेगळं.
खोडरबर पाकिटात घालून, सही घेऊन परत केलं.
त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं,
पावत्या ठेवायचा त्याच खिशात.

मग अ‍ॅस्बेस्टॉस.
गॅस्केटमध्ये नाही, हे सिद्ध करा.
असलेली वस्तू बोट करून दाखवता येते,
नसलेली दाखवायला प्रयोगशाळा लागते,
प्रयोगशाळेला लागतात तीन आठवडे,
आणि तोवर धक्क्यावर
ताशी दोनशे ऐंशीने पळू शकणारी ती
नुसती उभी राहायचे
दिवसाच्या हिशेबाने पैसे खात होती.

दर शनिवारी तो कुंपणाशी यायचा,
घडीची खुर्ची, थर्मास.
पहाऱ्यावरच्या लुपे टाउफाने त्याला ओळ दाखवून ठेवली होती:
पांढऱ्या भाड्याच्या गाड्या संपतात तिथे, उजवीकडे.
दिसायचा फक्त मागचा पंख.
तेवढा बघत
तो दोन कप चहा प्यायचा. तिसरा लुपेला.

एकदा ग्लेनिसचा फोन आला. त्याची बायको.
"खरा आकडा सांगा.
मी विचारलं हे त्याला कळू देऊ नका.
तो सांगतो तो खोटा असतो
आणि खोटा आहे हे मला माहीत असतं,
तेवढ्यावर बरं चाललंय आमचं."
असे आकडे फोनवर सांगायचे नसतात.
सांगितला.
पलीकडे किटलीचा आवाज चढत गेला, थांबला.
मग ती म्हणाली,
"मी याहून जास्त धरला होता."

सुटली ती एका मंगळवारी.
पण नंबरप्लेट नाही, म्हणजे रस्त्यावर चाक टेकवायचं नाही,
म्हणजे फ्लॅटबेड ट्रक, किलोमीटरमागे दर,
आणि शेवटी, बारीक अक्षरांत, माझी फी.
ती कमी करावी असं मनात आलं होतं.
केली नाही.

संध्याकाळी माउंट औस्लीच्या चढावर
डाव्या लेनमध्ये मला तो ट्रक भेटला,
चाळिशीच्या वेगाने धापा टाकत.
दुधाची गाडी पुढे गेली. कॅराव्हॅन ओढणारं म्हातारं जोडपं गेलं.
त्यांच्या मागोमाग
माझी पंधरा वर्षांची हॅचबॅकही गेली.

पट्टे आवळून वर बसलेली ती, धुळकट, निळी.
आणि केबिनमध्ये बार्नबी,
पुढे बघायचं ड्रायव्हरवर सोडून
मागच्या काचेला कपाळ लावलेला.

हॉर्न वाजवावा असं वाटलं.
वाजवला नाही.
वेळ लागत होता त्याला, लागू दिला.
सगळ्या बिलांत तेवढीच एक गोष्ट होती
जिच्यावर अजून काही लावलेलं नव्हतं.