चिचघाट तलाव, वेळेबाबत

कार्बनची प्रत आता जांभळी पडलीय, पण वाचता येते.
विषय : चिचघाटच्या सरकारी तलावावर
बदकांच्या शिकारीची रोजची वेळ ठरवणे.
स्थळ : कचेरी, सिव्हिल लाइन्स, नागपूर. डिसेंबर त्रेसष्ट.
टंकलेखक मी.
मिनिटाला चाळीस शब्द यायचे तेव्हा,
पाखराचं नाव एकही येत नव्हतं.

निवृत्त मेजर घारपुरे म्हणाले,
सूर्योदयाआधी अर्धा तास, तिथून नऊपर्यंत. पुढे बंदी.
दिवसभर बार काढले तर पाखरू तलावच सोडतं,
त्यालाही टेकायला वेळ हवा.
फार समजूतदार बोलले.
त्यांच्या कोटाच्या बाहीला एक तांबूस पीस चिकटलं होतं.
ते इतिवृत्तात आलं नाही.

अजनी शेडचा डिक्रूझ ड्रायव्हर उठला,
तळव्याच्या रेषांत कोळसा :
माझी पाळी सुटते सातला.
सायकल मारत चिचघाट गाठेस्तोवर तुमचे नऊ वाजतात.
तलाव सरकारचा आहे,
की लवकर उठणाऱ्यांचा?

वकील पाठराबेंनी ‘सूर्योदय’ या शब्दावर हरकत घेतली.
पंचांगातला, रेडिओवरचा, की टेकडीमागून दिसेल तो?
मिलचा भोंगा काही तिथवर पोचत नाही.
वीस मिनिटं सूर्य उगवतच राहिला कचेरीत.
मग चहा आला.

इतवारीतले हातिमभाई, काडतुसांचे दुकानदार,
बशीत फुंकर घालत म्हणाले,
वेळ कमी करा, मला चिंता नाही.
दिवसभराची हौस लोक तीन तासांत फेडतील,
माल तेवढाच खपेल.
सगळे हसले.
मी तेही टिपलं, आणि कुणीतरी खोडायला लावलं.

दाराशी मघापासून एक बाई उभी होती.
चंद्रभागा नान्हे. ढिवर.
शिंगाड्याचा ठेका सोसायटीचा, तोडणी हिची.
‘साहेब, आमी तांबडं फुटाच्या आंधी पाण्यात उतरतो.
आठची मोटार चुकली का माल इतवारीत पोचत नाई.
तुमची बंदूक वर पाह्यते,
छर्रे खाली येतात.’
पदराची गाठ सोडून तीन छर्रे तिनं
हिरव्या बनातीवर ठेवले.
‘हे शिंगाड्यात भेटले.
चवथा पोरीच्या खांद्यात हाय, तो आणला नाई.’

एक छर्रा घरंगळत शाईच्या दौतीपाशी थांबला.
साहेबांनी विचारलं, परवाना आहे का तुमच्याकडे?
सभा परवानाधारकांची आहे.
माझ्याकडे वळून म्हणाले, हे घेऊ नका.
मी घेतलं नाही.

ठरलं ते असं : पहाटे अर्धा तास आधीपासून नऊ,
आणि दुपारी तीन ते सूर्यास्त.
डिक्रूझचं समाधान झालं. पत्र्याची पाटी रंगवली गेली,
‘सूर्यास्त’मधला रफार विसरून.

जानेवारीतल्या एका रविवारी मी उगाच गेलो,
हातात पिशवी, बंदूक नाही.
नऊपर्यंत पाण्यावर धूर होता, आभाळात एक पंख नव्हता.
मग बार थांबले.
आणि कुठल्या कुठल्या शेतांवरून, शीळ घालत,
अडई उतरू लागल्या, थव्यावर थवा.
कचेरीला जमलं नाही ते त्यांनी महिनाभरात पाठ केलं होतं.
चंद्रभागाबाई पाळीवर बसलेली, कोरडी, डोंगा उलटा.
घड्याळ आहे का, म्हणून मी विचारलं.
तिनं हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं :
‘ते उतरले का आमी उतरतो.’
आणि आठची मोटार?
ती बोलली नाही. पदर खोचून पाण्यात शिरली.

पुढे कायदा आला, सगळ्याच वेळा बाद झाल्या.
पाटी कुणाच्या तरी गोठ्याला लागली म्हणतात.
बर्डीवर हिवाळ्यात उकडलेले शिंगाडे मिळतात अजून,
काळे, वाफेचे.
मी घेतो.
आधी जिभेनं चाचपतो,
मग दात लावतो.