अकरा टाक

खैरनारांच्या मुलाने रुमालाची गाठ सोडली
आणि अकरा देव माझ्या काट्यावर ओतले.
"पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय, काका.
देव्हारा भिंतीतला, वीतभर.
सगळे आटवा आणि एकच करा. कोणताही."

अठ्ठ्याण्णव ग्रॅम भरले.
सराफ बाजारात जन्म गेला माझा,
एवढी चांदी आटवायला पाव तास.
शेगडी पेटवली, आणि सवयीने
एकेक टाक उजेडाकडे धरला.

हा खंडोबा. घोडा शाबूत, स्वाराचं नाक झिजलेलं,
म्हणजे कुणाचा तरी अंगठा रोज फिरलाय.
ही गडावरची. ठसा कोरताना
बापाला सोळाच हात बसवता आले,
उरलेले दोन पाठीमागे आहेत, म्हणायचा.
हा म्हसोबा विहिरीवरचा; विहीर आता रस्त्याखाली.
हा नाग. कुणी तरी वाचलं असेल,
किंवा वाचलं नसेल.
हा वीर. धुळवडीला याला
हलगी लावून गोदेवर न्यायचे आंघोळीला.

आणि ही.
हातात शस्त्र नाही, खाली वाहन नाही,
नुसती नथ.
"ही कोण रे?"
"माहीत नाही. आजी म्हणायची, कुंकू हिला आधी."

मला माहीत होतं. बापाच्या वहीत आहे:
खैरनार, पहिली, बाळंतपणात गेली, बयजा.
करून न्यायला दुसरी स्वतः आली होती,
हळदीच्या अंगाने.
तिला त्याच चुलीवर रांधायचं होतं,
त्याच माणसाशेजारी निजायचं होतं.
आधी परवानगी नको?

देव एकच, असं शिकलेले म्हणतात.
असेलही. मी पत्रा ठोकणारा माणूस.
पण पूर आला की सगळं नाशिक
दुतोंड्या मारुतीकडे बघतं,
पाणी कमरेला लागलं की छातीला.
निराकाराची कंबर कुठे शोधायची?
आणि सवतीची भीती
खंडोबाला सांगून काय उपयोग,
त्याच्या स्वतःच्याच दोन.

पोराला वहीचं पान दाखवलं.
तो काही बोलला नाही.
शेगडी आपली धुमसत राहिली.
मग त्याने काउंटरवर वीत टेकवली
आणि टाकाला टाक लावून उभे करू लागला.

सात मावले.
म्हसोबाला जरा तिरका करून बघितलं.