डाव्या मडगार्डचा पेच

बोल्टचं डोकं घेऊन आली लेइदा,
रुमालात गुंडाळून, पडलेला दात आणावा तसं.
"जरा जास्तच आवळलं गेलं," म्हणाली.
"फेरीबोटीवरून उतरताना खडखडायचं,
लोक वळून बघायचे."

जुनी व्होल्वो. डावं मडगार्ड.
सारेमा बेटावर रस्त्यांना हिवाळाभर मीठ,
आणि रस्ता संपला की समुद्र,
म्हणजे पुन्हा मीठच.
इथं लोखंड मुरतं.
डोकं तुटून हातात येतं, धड आत रुतून बसतं.

हेल्दुर मला शिकवायचा,
अडून बसलेल्याशी जोर करायचा नाही, वीवे.
तेल सोड आणि घरी जा.
मी तेल सोडलं, घरी गेले.
सकाळी येऊन पुन्हा सोडलं.
ज्योत लावली असती, पण रंग फुगला असता
आणि हा निळा आता कुठल्याच डब्यात मिळत नाही.

मग तुटक्या तोंडावर मधोमध एक ठोका,
आणि उलट्या पिळाचं ड्रिल.
कधी कधी भोक पाडता पाडताच
तुकडा आपसूक वळतो, सुटत सुटत बाहेर येतो,
रुसून कोंडून घेतलेला माणूस
रश्श्याच्या वासानं यावा तसा.

आज नाही आला.
आज तो जागच्या जागी फिरत राहिला
आणि त्याच्यासोबत पलीकडचा नटही.
म्हणजे दुखणं बोल्टचं नव्हतंच.
मागं, जिथं हात पोचत नाही,
तिथला नट धरणारा पिंजरा कधीच गंजून झडला होता.

चाक काढलं. आतलं अस्तर काढलं.
चिखल, पाइनच्या सुया, एक रिकामी गोगलगाय,
आणि नटाच्या कडेला ठोकून बसवलेली,
आता सैल झालेली
लाकडाची पाचर.
नखानं खरवडली. वास अजून होता.
जुनिपर.

लेइदा वाकली, चष्मा कपाळावर सरकवला.
"ही माझी लोण्याची सुरी.
सहांतली सहावी."

मग बराच वेळ नुसता कॉम्प्रेसर.

"अकरा वर्षं मी धरून बसले, हिल्लेनं उचलली म्हणून.
नणंद माझी. तिच्या साठीलासुद्धा गेले नाही.
आणि एवाल्डनं मरेपर्यंत
चकार शब्द काढला नाही."
थोडं थांबून,
"मडगार्ड मात्र वाजलं नाही कधी, तो होता तोवर."

मी फिरणारा नट कापून काढला, नवा बसवला.
शेजारच्या दोन भोकांचे आटेही साफ केले:
अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं,
चुरा पडू द्यायचा, मग पुन्हा पुढं.
बोल्टला ग्रीस. पहिले चार फेरे बोटांनीच,
कारण पान्याच्या घाईत आटा वाकडा धरतो,
आणि वाकडा धरलेला आटाही
आधी पुढं गेल्यासारखाच वाटतो.

चाक चढवलं, गाडी जमिनीवर आली.
लेइदा आत जाऊन बसली, चावी न लावता.
मांडीवर पाचर, कानाला फोन.
पलीकडे वाजत होता, मला बाहेर ऐकू येत होता.
मी शेवटचा पाव फेरा दिला आणि थांबले.
पुरे झालं हे पान्याला कळत नाही,
मनगटाला कळतं.

"हिल्ले?" ती म्हणाली.
"सुरी सापडली."

आणि मग, जरा चिडूनच,
"नाही गं. अर्धीच."