निळी तार

गोळीबार चौकातलं माझं दुकान, दहा बाय आठ.
कूलरला सकाळपासून दोन बादल्या पाणी पाजलंय,
बाहेर सेहेचाळीस.
आत पडद्यावर एक रंगीत भोवरा फिरतोय
आणि डोमाजी हेडाऊ स्टुलावर बसून
जत्रेत बघावा तसा बघताहेत तो.

त्यांच्या हातात वहीचं फाडलेलं पान.
धाकट्या भावाची तेरवी, गुरुवारी.
दोनशे चिठ्ठ्या, एका बाजूनं छापलेल्या.
"फोटो नोको टाकू दुर्गाताई,
तो फोटोत डोये मिटाचा."

लाइन गेली का?
नाही काका, कूलर चालू आहे ना.
मंग बिघडलं?
बिघडलंही नाही. दिवाळीत घेतलंय,
अजून नऊ हप्ते बाकी.
मंग करून काय राह्यलं ते?
विचारून राह्यलं.
कोणाले?
कंपनीले.

मलाच कुठे ठाऊक होतं.
दुपारी भाच्यानं फोनवर सांगितलं तेव्हा कळलं,
यातला एकेक प्रोग्राम उघडण्याआधी
सातासमुद्रापलीकडे गुपचूप निरोप धाडतो:
मी मीच आहे ना? उघडू का?
रोज तिकडून हो येतो, इतक्या लवकर
की कुणी विचारलं होतं हेही आपल्याला समजत नाही.
आज तिकडेच काहीतरी तुंबलंय.
नाही म्हणाले असते तर दुसरी वाट धरली असती.
ते काहीच म्हणत नाहीत,
आणि हा बसलाय उंबऱ्यावर,
चपला हातात घेऊन.

टाइप करायचं साधं पान उघडेना.
हिशेबाचं उघडेना.
कॅल्क्युलेटरसुद्धा!
दोनशे गुणिले पाऊण रुपया,
याला कुणाची सही लागते?

कोसभरावर तो दगडी खांब उभा आहे,
तिथून म्हणे साऱ्या मुलखाची अंतरं मोजत.
माझ्या टेबलाचं अंतर
कुठून मोजतात, कुणास ठाऊक.

डोमाजी पान घडी करतात, उलगडतात.
"चाळीस वर्सं मागावर बसलो मी.
धोटा फेकला का जाये.
जाऊ का म्हून पुसे नाही."

मी बटण बंद करून चालू केलं. दोनदा.
उदबत्ती लावली, खोटं कशाला बोलू.
शेवटी चार वाजून दहा मिनिटांनी
उपाय म्हणून नव्हे, राग आला म्हणून
नेटची निळी तार
हिसका देऊन ओढली.

आणि सगळं उघडलं.
टाइपाचं पान, हिशेब, कॅल्क्युलेटर,
सकाळपासून दाबून ठेवलेली खिडकीवर खिडकी,
शाळा सुटल्यासारखी.
विचारायला कुणी उरलंच नाही म्हटल्यावर
ज्याला त्याला
आपण कोण ते आठवलं होतं.

मी टाइप केलं: स्व. नत्थू मोडकूजी हेडाऊ.
डोमाजी मागून वाकले, चष्मा कपाळावर,
"त जोडाक्षरात आहे. अर्धा."
आहे काका.
"आन् वय नोको टाकू. त्याचं त्यालेच माहीत नोतं."

चिठ्ठ्या प्रिंटरमधून कोमट निघाल्या.
त्यांनी त्या दुपट्ट्यात बांधल्या,
दीडशे मोजले, चिल्लर धरून,
आणि दारात, ऊन सुरू होतं तिथे, थांबले.

"त्या कंपनीले समजलं काय वो,
नत्थू गेला म्हून?"

नाही काका. तार काढलेली होती.

"बरं झालं," म्हणाले.
"त्याले बी आवडे नाही,
कोणाले सांगून निंघाचं."

सहाला हप्ता भरायचा होता,
तोही तिकडूनच जातो.
मी थोडा वेळ तार हातात धरून बसले.
मग लावली.