दोनशे बारा

इरण्णा फोटोवाल्यानं शनिवारी पिशवी आणून टेकवली.
गुंडेटींच्या लग्नाच्या दोनशे बारा सीड्या,
मंगळवारी सकाळी पाहिजेत,
कोऱ्या डिस्क त्याच्या, नगाला सहा रुपये आमचे.

कुचन नगरातली पत्र्याची खोली,
मे महिना, एकच ड्राइव्ह.
एका सीडीला साडेसहा मिनिटं.
गुणाकार केला आणि पाणी प्यायलो.

पहिल्या चाळीस हातानं केल्या.
ट्रे उघड, डिस्क ठेव, ट्रे ढकल,
पुढे दाब, पुढे दाब, हो दाब,
नाव टाइप कर : चि. व्यंकटेश, चि. सौ. कां. भूदेवी.
एकेचाळिसाव्या वेळी भूदेवीतला एक काना गळला
आणि मी खुर्ची मागे सरकवली.

बारा ओळी लिहिल्या मग.
ट्रे आत घे. नाव स्वतः टाक. राइट कर.
झालं की बाहेर काढ, आकडा एकानं वाढव,
वीस सेकंद थांब,
परत आत घे.

"म्हणजे आता नुसतं बदलायचं?" नान्नांनी विचारलं.
तीस वर्षं रात्रपाळी केलेला माणूस,
कारखाना बंद होऊन चार वर्षं झाली तरी
रात्री दोनला ताठ जागा.
"तू जा गच्चीवर झोप. ह्याला मी बघतो."

अम्मा शेजारी भिंतीला टेकून
सीड्या पाकिटात घालत होती,
विड्यांचा दोरा घेऊन पंचविसाचा कट्टा बांधत होती.
पंचवीसच का, तिला विचारायचं नसतं.

पहाटे चारला नळ आला,
चौथ्या दिवशी आलेला नळ.
दोघंही कळशा घेऊन धावली.
ट्रे बाहेर आला, वीस सेकंद थांबला,
तीच भरलेली डिस्क घेऊन आत गेला,
कुरकुरला, बाहेर आला,
आकडा मात्र इमानदारीत वाढवत राहिला.

सकाळी स्क्रीनवर एकशे एकतीस.
अम्मा म्हणाली, "चार कट्टे आणि बारा."
मी म्हणालो, मशीन चुकत नसतं.
तिनं कट्टे माझ्यासमोर ठेवले, बोलली नाही.

नान्ना ओल्या हातानं दारात उभे.
"तार तुटल्यावर माग थांबतो," ते म्हणाले,
"तारेवर पातळ पत्ती लोंबत असते,
तार गेली की पत्ती पडते, पत्ती पडली की माग बंद.
नाहीतर भोकाची चादर विणत बसेल सकाळपर्यंत.
तुझ्याकडं पत्ती कुठाय?"

तेरावी ओळ त्यांची आहे.
डिस्क कोरी नसेल तर थांब, आणि घंटी वाजव.

मंगळवारी इरण्णानं बाराशे बहात्तर मोजून दिले,
सुट्टे नाहीत म्हणून दोन रुपये ठेवून घेतले.
तीन सीड्या बिघडल्या होत्या.
एक अम्मानं ताकाच्या पेल्यावर झाकण टाकली,
एक कुठं गेली माहीत नाही,
एक नान्नांनी ट्यूबखाली धरली,
तिरकी केली, सरळ केली.

"ह्यात लग्न कुठल्या बाजूला आहे?"
खालच्या. बारीक डाग आहेत, दिसत नाहीत.
डाग आहे, डाग नाही, असं ओळीनं.
"भोक आहे, भोक नाही," ते म्हणाले,
"जकार्डचे पत्ते आहेत की हे.
एका मोराला आम्हाला चारशे लागायचे,
ते तरी डोळ्यांना दिसायचे."
आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा
माझ्या खुर्चीत बसले.

त्या रात्री स्क्रिप्ट बंद करायची राहिली.
कधीतरी ट्रे आपोआप बाहेर आला,
रिकामाच आत गेला,
आत काही सापडलं नाही म्हणून घंटी वाजली.
नान्ना झोपेतच, कूस न बदलता,
तेलुगूत म्हणाले :
आलो, थांब.