नजर पडद्याबाहेर

सहावी ब. अपूर्णांकांची चाचणी.
एकतीस टॅबलेट, एकतीस माना खाली.
सोहारची सकाळ, सव्वासातालाच बाहेर छत्तीस अंश
आणि आत एसी असा
की पहिल्या बाकावरची मुलं स्वेटर घालून
छेद समान करतायत.

चाचणी संपते न संपते तोच अहवाल हजर.
पूर्वी माझ्या दोन रात्री जायच्या,
बोटाला लाल शाई, कुणाच्या तरी पेपरवर
माझ्या चहाचा गोल डाग.
आता बसल्या जागी कळतं
कोण कुठल्या गणितापाशी किती सेकंद अडलं,
कुणी उत्तर खोडून पुन्हा तेच लिहिलं,
कुणाचा चेहरा कंटाळला होता.
मी विचारलं नव्हतं.

अफान मुकादम, हजेरी क्रमांक चार:
नजर पडद्याबाहेर, एक्केचाळीस वेळा.
शेजारी लाल त्रिकोण.
नक्कल संभवते.

छताकडे बघून कुणाची नक्कल करणार?
मीसुद्धा भागाकार करताना वर बघते.
पण मला हजेरी क्रमांक नाही.

वडिलांना बोलवावं लागलं, नियमच आहे.
बंदरावर क्रेन चालवतात, मूळचे हर्णैचे,
रात्रपाळी संपवून थेट आलेले,
हेल्मेट मांडीवर, पोरासारखं धरलेलं.
मी त्रिकोण दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.
मग म्हणाले,
‘आमच्या केबिनीत पण हाय, मिस.
पापणी जरा मिटली की ठणाणा करतो.
मला वाटलं, तो फक्त माणसं उचलतात त्यांच्यासाठी
नायतर कंटेनर.’
संमतीपत्रावर सही त्यांचीच होती,
फोनवर, अंगठ्याने, साठ फूट वर,
जेवणाच्या सुट्टीत.
बारा पानं होती ती. मीही वाचली नव्हती,
मुख्याध्यापिकांनी तरी कुठे.

संगणक विभागातल्या बिजॉयला विचारलं,
हे सगळं राहतं कुठे?
त्याने एका थंड देशाचं नाव घेतलं.
ज्या देशाचा व्हिसा
या एकतीसांतल्या एकालाही मिळालेला नाही,
तिथे त्यांच्या चुका
आधीच जाऊन राहिल्यात.
पुसता येईल?
‘लपवता येईल, मिस,’ तो म्हणाला,
आणि प्रामाणिक मुलगा आहे म्हणून पुढे म्हणाला,
‘तुमच्यापासून.’

मी तक्रार कुणाची करू?
माझी दहा बोटं आणि दोन डोळे
विमानतळावर, बँकेत, निवासी कार्डाच्या खिडकीवर
मी आपणहून ठेवून आले,
हनुवटी टेकवा म्हटलं तर टेकवली.
पण मी चाळीस वर्षांची होते.
साताचा पाढा चुकण्याइतकी लहान होते तेव्हा
माझ्यापाशी पाटी होती,
थुंकी लावून तळहाताने पुसली
की गुरुजी यायच्या आत
सात आठे चोपन्न कधी झालेच नव्हते.

शिक्षकाचा शेरा, कमाल साठ अक्षरं.
मी लिहिलं: हा मुलगा विचार करताना वर बघतो.
ती चौकट म्हणाली, यादीतून पर्याय निवडा.

मग गेल्या बुधवारी नेटवर्क गेलं.
किती वेळ, कुणालाच माहीत नव्हतं.
मी कपाटातले कोरे कागद काढले,
कडा पिवळ्या पडलेले, वाटले,
फळ्यावर एकच गणित लिहिलं.
अफान वर बघत होता.
मीही बघितलं, त्याच्याच जागी वाकून:
एसीच्या पाण्याचा एक तपकिरी ओघळ,
बाकी काही नाही.
एक्केचाळीस वेळा तिथेच जात होता तो
आणि एकटाच परत येत होता.

उत्तर चुकलंच.
छेदांची बेरीज केलेली, नेहमीसारखी.
मी लाल पेनने छेदांभोवती गोल केला,
त्याच्या शेजारी बसून पुन्हा सोडवून घेतलं
आणि कागद त्यालाच दिला.
त्याने चार घड्या घालून मागच्या खिशात कोंबला.

तेवढ्यात नेटवर्क आलं.
टॅबलेटांनी माना वर केल्या,
बुधवारचा रकाना रिकामा का, विचारू लागले.

शुक्रवारी त्याची आई
खिसे न तपासता पँट मशीनमध्ये टाकेल,
अशी माझी आशा आहे.