एका डोळ्याचं काम

वाशीला, सेक्टर सतराच्या दुकानात
काचेच्या दाराशी अण्णांनी चपला काढल्या.
रखवालदार म्हणाला, असू द्या काका, इथे चालतं.
त्यांनी पुन्हा घातल्या,
पण पाऊल देवळातलंच टाकत राहिले.

आईसाठी चमकी घ्यायची होती.
तिच्या नाकात तीस वर्षं एकच पांढरा खडा,
जत्रेतला,
दर दिवाळीला दंतमंजनाने घासून उजळलेला.

हेतल नावाची मुलगी कागदाची पुडी उलगडते.
हिरे असे पुडीत बांधून ठेवतात
हे मला नव्हतं माहीत,
वैद्याच्या चूर्णासारखे, वर पेनाने वजन लिहिलेलं.
म्हणते, रंग बघायचा तर पांढऱ्या कागदावर उलटा ठेवा,
दाराजवळ, दिवसाच्या उजेडात.
आमचे दिवे कौतुक जास्त करतात.
(हे तिने मालकाकडे पाठ करून सांगितलं.)
आणि पाणी म्हणतात ते पैलूंत असतं, मॅडम.
कापणारा चुकला की उजेड तळातून गळून जातो,
फुटकी घागर भरावी तसा.

पलीकडे एक बाई पुष्कराज मागत होत्या,
मुलाचं जमत नाही म्हणून.
गुरुवारीच घालायचा ना, एवढंच विचारत होत्या.
तापवलेला आहे का, काच भरलीय का,
हे त्यांनी गुरूवर सोडलं होतं.

मग भिंग आलं.
एक डोळा मिटा काका, हेतल म्हणाली.
तो मिटलेलाच आहे, अण्णा म्हणाले,
एकोणनव्वदपासून.

तुर्भ्याच्या डोंगरात, छिन्नीखालून उडालेली
नखाएवढी कपची.
त्यानंतरही वीस वर्षं त्यांनी घण चालवला.
काळ्या दगडाच्या पोटात कधी पोकळी निघे,
आत उभे हिरवट काचेचे सुळे.
एक व्यापारी येऊन दोनशेला घेऊन जाई.
एक अण्णांनी विकला नाही. तो आमच्या टीव्हीवर असतो.
चौथीत मी तो हिरा म्हणून शाळेत नेला.
बाई म्हणाल्या, गार आहे ही.
हाताला थंडच लागत होता,
म्हणून मला लगेच पटलं.

चिमट्यात हिरा धरून अण्णा बघत बसले.
चहावर साय आली.
हात हलला नाही.
शीर आहे, म्हणाले. इथे, कडेला.
इथे ठोकलं तर जाईल.

हेतलने भिंग घेतलं, फिरवलं, परत फिरवलं.
हो. पीस म्हणतो आम्ही त्याला.
पीस?
अण्णा पहिल्यांदा हसले.
पिसाखाली कुणी मेलेलं ऐकलं नाही मी.

तिने दुसरी पुडी काढली. हा यंत्रात वाढवलेला.
तोच कठीणपणा, तीच आग, पाव किमतीत.
डोळ्याला फरक कळत नाही, मशीनला कळतो.
पण विकायला गेलात तर फार थोडे येतील,
आत्ताच सांगून ठेवते.

खाण लागली नाही म्हणतेस याला?
नाही काका.
मुळीच नाही?
खोलीत होतो. काही आठवड्यांत.
अण्णांनी तो हिरा बराच वेळ धरला,
भिंगाशिवाय.
विकायचा कुणाला आहे, म्हणाले.

पावतीवर मी तेच लिहून घेतलं, यंत्रातला म्हणून,
शिक्क्यासकट,
हेतलने सांगितलं होतं तसं.

घरी आई आरशाशी.
किती रंग फेकतोय मेला.
साबण चालेल ना याला?
चालेल, अण्णा म्हणाले. दगड आहे.
नुसतं ठोकू नकोस.

जुना खडा तिने टाकला नाही.
रिकामी पुडी मागून आणली होती मी,
तिच्यात ठेवला, घडी घातली,
आणि मला वर लिहायला लावलं:
वजन माहीत नाही.
यल्लम्माची जत्रा, साल ब्याण्णव.